केसं भल्ली फुगून राहतात, रोजचं काय करायचं?

बेसा_वाली

नमस्कार ताई-दादा लोकहो. माझे केस खांद्याच्या थोडे खाली आहेत, धड सरळ नाही अन् धड कुरळे नाही, मधूनमधून वाकलेले. भंडाऱ्याला घरी होती तोपर्यंत तेल-वेणी करून जमून जायचं, आता नोकरीसाठी नागपूरला बेसात फ्लॅटमधे राहून राहिली, ऑफिस मिहानला, जाणं-येणं गाडीनं म्हणजे तोंडाला दुपट्टा आणि वरून हेल्मेट. घाम येते म्हणून रोज सकाळी शाम्पू करते, टॉवेलनं खसाखसा पुसते, ब्रश फिरवते आणि निघते, अन् ऑफिसात पोचेपर्यंत कपाळावरचे बारीक केस उभे झालेले असतात आणि खालचे सगळे चारी दिशांना. मीटिंगमधे कॅमेरा चालू करायची इच्छाच होत नाही. आमच्या स्कीममधे, म्हणजे सोसायटीत, बोअरचं पाणी आहे, नळ नाही. पार्लरमधे विचारलं तर म्हणाल्या केराटिन म्हणजे केस सरळ करायची ट्रीटमेंट करून घे, साडेपाच हजार, सहा महिने पाहायला नको. आई फोनवर म्हणते रोज तेल लाव. व्हिडिओ पाहिले तर त्यात एकामागून एक बाटल्याच सांगतात. मला सकाळी फार तर दहा मिनिटं मिळतात. केराटिन करावं का? की रोज करण्यासारखं साधं काही आहे?

कुरळी_कन्या

केराटिनचं थांब जरा, घाई करू नको. आधी तुझी सकाळ पाहू, कारण तू जे लिहिलं त्यातच अर्धं उत्तर आहे. रोज शाम्पू, मग टॉवेलनं घासणं, मग सुकत आलेल्या केसावर ब्रश, या तीन गोष्टींनी कोणाचेही वाकडे केस फुगतील गं.

केसाच्या वरच्या थरावर बारीक खवले असतात. ते मिटलेले असले की केस गुळगुळीत दिसते, उघडे राहिले की हवेतला ओलावा सरळ आत जाते, केस फुगते आणि शेजारच्या केसापासून सुटून भलतीकडेच वळते. फ्रिझ फ्रिझ म्हणतात ते एवढंच आहे. कुरळ्या आणि वेव्ही केसाला हे जास्त, कारण डोक्याचं तेल वळणावळणातून खाली टोकापर्यंत उतरतच नाही, टोकं नेहमी कोरडी राहतात. म्हणजे तुझे केस खराब नाहीत, त्यांना ओलावा पायजे आणि तू रोज तो धुवून काढून राहिली.

मग काय करायचं. शाम्पू आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा, आणि तो फक्त टाळूला, केसाच्या लांबीला चोळायचा नाही, खाली वाहते तेवढा फेस पुरते. कंडिशनर मात्र प्रत्येक वेळी, आणि हात आखडता घ्यायचा नाही. कानाखालच्या केसाला लाव, मग कंडिशनर लागलेलं असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्यानं खालून वर गुंता सोडव, आधी टोकं, मग मधलं, मग वरचं. गुंता सोडवायची हीच एक वेळ. केस वाळल्यावर कंगवा-ब्रश बंद. धुवून झालं की टॉवेल नाही, जुना सुती टी-शर्ट घे, डोकं खाली करून केस त्यात मुठीमुठीनं दाब, घासू नको. पाणी निथळायचं थांबलं पण केस अजून ओले आहेत तेव्हाच लीव्ह-इन क्रीम (धुवून न काढता केसातच ठेवायचं) वाटाण्याएवढं दोन्ही तळव्यांना पसरवून लावायचं. अर्धे वाळल्यावर लावलं तर काहीच उपयोग नाही, तोवर केस फुगून मोकळे झालेले असतात.

घाम येते त्या बाकीच्या दिवशी नुसत्या पाण्यानं टाळू धू, किंवा केस वर बांधून फक्त मान आणि कपाळ. घामाला दर वेळी शाम्पूच लागते असं नाही.

आता एक सांग, अंघोळ बादलीनं की शॉवरनं? आणि गीझरच्या पाण्याचा पांढरा थर बसते का नळावर, बादलीवर?

बेसा_वाली

बादली, ताई. आणि थर म्हणजे विचारू नका, बादलीच्या कडेला पांढरी रेघच आहे, नळाची जाळी तर दर काही दिवसांनी बुजते. साबण लावला तरी फेस येत नाही नीट.

कुरळी_कन्या

मग खरा गुन्हेगार इथे बसला आहे. पाणी जड आहे तुझं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते केसावर बसतात, साबणासोबत चिकट साका होते, खवले उघडेच राहतात आणि वरून कितीही महागडं क्रीम लावलं तरी आत जात नाही. शहरात बहुतेक ठिकाणी महापालिकेचं पेंच-कन्हानचं पाणी येते, तिथून बोअरच्या स्कीममधे राहायला गेलेल्या कितीतरी मुली हेच सांगतात, की केस अचानक बिघडले. केस नाही बिघडले, पाणी बदललं.

घरीच पाहून घे. स्वच्छ पारदर्शक बाटलीत थोडं पाणी, त्यात साध्या अंगाच्या साबणाचा किसलेला चुरा, शाम्पू नाही, आणि झाकण लावून जोरात हलव. फेस चांगला आला आणि खाली पाणी स्वच्छ राहिलं तर ठीक, फेस नाही आणि पाणी दुधाळ झालं, वर कण तरंगले तर जड. आकडाच पाहिजे असेल तर सोसायटीला लॅबमधून तपासून घ्यायला सांग, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हार्डनेस 200 मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चालते आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत सूट आहे. त्याच्या वर असेल तर केसाचं सोड, पाइप आणि गीझरही जातील, म्हणजे सेक्रेटरी पण ऐकेल.

नळाला लावायचे ते छोटे कापसाचे नाहीतर कार्बनचे फिल्टर घेऊ नको, त्यानं माती आणि क्लोरीन कमी होते, जडपणा जात नाही. जडपणा काढायला मिठावर चालणारा सॉफ्टनर लागते, तो सगळ्या स्कीमनं मिळून बसवला तर परवडते. भाड्याच्या घरात तुला जमण्यासारखं एवढंच, की सगळी अंघोळ बोअरच्या पाण्यानं कर पण केसावरून शेवटचे दोन मग आरओच्या नाहीतर पिण्याच्या पाण्याचे ओत. बादलीवाल्यांचा हा फायदा आहे, शॉवरवाल्यांना हे करता येत नाही. आणि पंधरा दिवसातून एकदा असा शाम्पू घे ज्याच्यावर चिलेटिंग किंवा हार्ड वॉटर लिहिलेलं आहे, तो साचलेले क्षार काढते. रोज वापरायचा नाही, कोरडं करते.

संत्रानगरी_काकू

बेटा, आईचं ऐक. तुम्ही मुली सगळं बाटलीतलं शोधता आणि घरातलं विसरता. आमच्या घरी चार पिढ्या शिकेकाई. इतवारीत किराणा ओळीत जा, शिकेकाईच्या शेंगा, रिठा आणि वाळलेला आवळा घे, रात्री लोखंडी कढईत नको, स्टीलच्या भांड्यात भिजत घाल, सकाळी उकळ, हातानं कुस्कर, गाळून घे. फेस येत नाही म्हणून घाबरू नको. केस असे सुळसुळीत होतात. आणि तेल धुवायच्या आधी लावायचं, दोन तास, घाण्याचं खोबरेल, कोमट करून. आमच्या वेळी इथे मे महिन्यात कूलर पण नव्हते, अंगणात झोपायचो, तरी कोणाचे केस असे उभे नसायचे.

कुरळी_कन्या

काकू, तेलाचं अगदी बरोबर आहे तुमचं, आणि त्याला पुरावाही आहे. 2003 साली मुंबईच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल तिन्ही केसावर लावून पाहिलं, तर धुताना केसातलं प्रथिन निघून जाणं खोबरेलानं कमी झालं, बाकी दोघांनी नाही. खोबरेलातलं लॉरिक ॲसिड लहान आणि सरळ असते म्हणून ते केसाच्या आत शिरते. म्हणून धुण्याआधी लावायचं, हे तुम्ही म्हणता तेच. पण आई म्हणते तसं रोज लावून ऑफिसला जायचं नाही, गाडीवरची धूळ त्यावर चिकटते आणि मग ते काढायला अजून जोरात शाम्पू लागते.

शिकेकाईची एक गोष्ट मात्र सांगते. नीट गाळली नाही तर कण केसात अडकतात, आणि रिठा जास्त झाला तर डोळ्यात झोंबून केस खरखरीत होतात. सकाळी दहा मिनिटवाल्या मुलीला रविवारीच जमेल ते.

संत्रानगरी_काकू

रविवारी का होईना, कर म्हणते मी. रिठा कमी, शिकेकाई जास्त, आणि मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायची.

पार्लर_सदर

केराटिनचं विचारलं आहे म्हणून लिहिते, मी स्वतः पार्लर चालवते, बरीच वर्षं झाली. ज्यांचे केस वेव्ही आहेत आणि फुगण्याचं कारण पाणी आणि रोजचा शाम्पू आहे त्यांना मी सरळ नाही म्हणून सांगते, गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. नाव केराटिन असलं तरी केस सरळ होतात ते त्यातल्या केमिकलनं आणि इस्त्रीनं, क्रीम लावून 200 अंशाच्याही वरच्या प्लेटनं पट्ट्यापट्ट्यानं दाबतात. चार-सहा महिन्यात उतरते. तुझ्यासारखं बोअरचं पाणी असेल तर त्याच्याही आधी उतरते, आणि उतरताना टोकं तुटलेली दिसतात, मग परत करायला येतात, असं चक्र लागते. करायचंच असेल तर आधी डबा हातात घेऊन घटक वाचायचे, खोली उघडी आहे का पाहायचं, डोळ्यातून पाणी येत असेल तर उठून यायचं, पैशाचा विचार करायचा नाही.

तुझ्या केसाला मी एवढंच सांगेन की टोकं दीड-दोन इंच कापून घे. फाटलेली टोकं कोणत्याच क्रीमनं जुळत नाहीत, जाहिरात काहीही म्हणो. आणि लेयर फार काढू देऊ नको, वाकड्या केसात छोटे लेयर वरती उचलून राहतात, तेच कपाळापाशी उभे दिसतात.

दवाखाना_डायरी

स्किनमधे रेसिडेन्सी करून राहिलो, दोन गोष्टी जोडतो.

पहिली, वरच्या ताईंनी लिहिलं ते महत्त्वाचं आहे. यातल्या बऱ्याच क्रीममधे फॉर्माल्डिहाइड असते किंवा गरम केल्यावर ते सुटते, लेबलवर नाव वेगळं असते, मेथिलीन ग्लायकॉल वगैरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं फॉर्माल्डिहाइडला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेलं आहे. मग कंपन्यांनी फॉर्माल्डिहाइड-फ्री म्हणून ग्लायॉक्झिलिक ॲसिड आणलं, तर 2024 मधे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे 26 वर्षांच्या एका बाईची केस आली, तिनं 2020, 2021 आणि 2022 मधे अशा क्रीमनं केस सरळ केले आणि तिन्ही वेळा किडनीला इजा झाली, टाळू पण पोळली होती. ती नंतर बरी झाली. सगळ्यांना असं होते असं मी म्हणत नाही, पण नुसत्या फुगलेल्या केसासाठी एवढी जोखीम घ्यावी असं मला बिलकुल वाटत नाही. प्रेग्नन्सीत तर नकोच.

दुसरी. केस पहिल्यापासून असेच असतील तर आजार शोधत बसू नका. पण चांगले केस काही महिन्यात अचानक कोरडे, खरखरीत झाले, सोबत गळून राहिले, थकवा येते, वजन वाढते, पाळी बिघडली, तर टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि हिमोग्लोबिन-फेरिटिन (रक्त आणि लोहाची) करून घ्या. थायरॉइड कमी असलं की केस असेच होतात आणि त्याला सीरम लावून काही होत नाही. खाजगीत जमत नसेल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांची स्किन ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन चिठ्ठी काढायची.

आणि टाळूला खाज, पिवळसर चिकट कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवू नका, तो तेलानं वाढते. आधी कोंड्याचा इलाज, मग तेल.

हेल्मेटवाला_भाऊ

माझे केस भल्ले कुरळे आहेत, हेल्मेटचं मी सांगू शकतो. आतल्या फोमला घासून वरचा थर फाटते, म्हणून हेल्मेटच्या आत आधी सॅटिनचा पातळ रुमाल बांधायचा, सुती दुपट्टा त्याच्यावर. सुती कापड केसातला ओलावा ओढून घेते आणि घासते पण. ताई लोकांनी केस मोकळे किंवा उंच पोनी करून हेल्मेट घालू नये, मानेपाशी सैल वेणी घालायची, ऑफिसात गेल्यावर सोडून बोटांनी हलवायची. ओल्या केसावर हेल्मेट तर अजिबातच नको, आत वाफ होते आणि केस जसे दबले तसेच वाळतात, म्हणून शक्यतो केस रात्री धुवायचे. रात्री सॅटिनची उशी किंवा सॅटिनचा कपडा उशीवर. बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) कापडाच्या दुकानात अर्धा मीटर घेतलं तरी पुरते, ऑनलाइन महागाचं कव्हर घ्यायची गरज नाही.

बेसा_वाली

सगळ्यांचे किती आभार मानू. केराटिन कॅन्सल. टोकं कापून येते शनिवारी. रात्री धुवायचं डोक्यातच आलं नव्हतं, सकाळचा वेळही वाचेल. अजून एक, पुढे पाऊस आहे, तेव्हा तर मी बाहेरच पडू नये असं वाटते. जेल लावतात म्हणे, पण दुकानातलं लावलं की केस कडक आणि पांढरे कण पडतात.

कुरळी_कन्या

पावसाचं वेगळं बोलावं लागेल, कारण नागपुरात एकच रुटीन बारा महिने चालतच नाही. मे महिन्यात दुपारी हवा इतकी कोरडी असते की ओलावा वीस टक्क्याच्या खाली जाते, तेव्हा केस पाण्याविना तडकतात, क्रीम जास्त लागते, झाकून ठेवायला लागते. त्यातही रात्री कूलरच्या झोतात डोकं करून झोपलं की दमट हवा रात्रभर केसावर, सकाळी अर्धे फुगलेले आणि अर्धे चपटे. पलंगाची दिशा बदल, पायाकडून हवा येऊ दे. जुलै-ऑगस्टमधे उलटं, हवेतच ऐंशी टक्क्याच्या वर ओलावा, तो आत शिरू द्यायचा नाही. तेव्हा ग्लिसरीन जास्त असलेलं क्रीम बंद, कारण ते हवेतून पाणी ओढून केसात भरते. त्याऐवजी ओल्या केसावर क्रीम थोडं, वरून जेल, आणि वाळल्यावर डायमेथिकोनवालं, म्हणजे सिलिकॉनचं, सीरम दोन-तीन थेंब फक्त वरून. सिलिकॉनला घाबरतात लोक, पण ते पाणी अडवते आणि साध्या शाम्पूनं निघून जाते. डिसेंबर-जानेवारीत गीझरचं कडक पाणी डोक्यावर नको, कोमटच.

पांढरे कण पडतात कारण क्रीम आणि जेल एकमेकांशी जुळत नाही. तळहातावर दोन्ही थेंब थेंब मिसळून पहा, फाटलं, गुठळ्या झाल्या तर ती जोडी नको. आणि कडक होणं चांगलं आहे, घाबरू नको. पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही, मग खोबरेलाचा एक थेंब तळव्यांना चोळून केस मुठीत हळूहळू चुरायचे, कडकपणा मोडते आणि आतली वळणं मऊ निघतात.

पण तू जवसाचं जेल करून पहा. विदर्भात जवस घरोघरी असते, चटणीला आणतोच. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मध्यम आचेवर सतत ढवळत राहायचं नाहीतर खाली लागते. सात-आठ मिनिटांनी वर पांढरा फेस दिसेल, पळी उचलली की धार तुटत नाही, अंड्याच्या पांढऱ्यासारखी लोंबते, त्याच क्षणी गॅस बंद. गरम असतानाच गाळायचं, ही सगळ्यात मोठी गोष्ट, थंड झालं की बिया आणि जेल सुटतच नाही. गाळणीनं नाही जमत, जुन्या पातळ ओढणीचा किंवा नायलॉनच्या मोज्याचा तुकडा पातेल्यावर ताण, ओत, आणि चिमट्यानं पिळ, हात पोळते. काचेच्या बरणीत फ्रिजमधे आठवडाभर टिकते, वास बदलला की फेकायचं, बाहेर ठेवायचं नाही. टपटपणाऱ्या ओल्या केसावर भरपूर लावायचं. आधी कानामागे थोडं लावून एक दिवस पहा, खाज आली तर नको.

संत्रानगरी_काकू

हे जवसाचं मला पण माहीत नव्हतं. गाळून उरलेल्या बिया फेकता का गं?

कुरळी_कन्या

नाही काकू, एकदा अजून थोडं पाणी घालून उकळल्या तर दुसरं पातळ जेल निघते, ते काकांच्या केसाला चालेल. नंतर कुंडीत टाका.

बेसा_वाली

जवस घरूनच आणलेलं आहे आईनं दिलेलं, डब्यात पडून आहे. मग असं ठरवते: बुधवारी आणि रविवारी रात्री धुणं, रविवारी आधी दोन तास तेल आणि काकूंची शिकेकाई, बुधवारी शाम्पू, दोन्ही वेळा शेवटचे दोन मग आरओचे, टी-शर्टनं दाबणं, जेल. सकाळी फक्त हात ओला करून वरचे केस बसवायचे आणि सैल वेणी. पंख्याखाली वाळवलं तर चालते ना? हेअर ड्रायर नाही माझ्याकडे.

पार्लर_सदर

चालते. पंखा हळू ठेव आणि त्याच्या अगदी खाली बसू नको, झोतानं केस उडाले की जेल बसायच्या आधीच सुटतात. झोपायच्या निदान दोन-तीन तास आधी धू, ओल्या केसानं झोपू नको. आणि शिकेकाईच्या दिवशीसुद्धा टोकांना थोडं कंडिशनर लावच, तुझ्या पाण्यात ते लागेलच.